दुर्गाबाईंचा डावा पाय

दुर्गाबाई धुमाळांचा डावा खुबा कापला गेला तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आणि नाक कापलं गेलं ते त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी. खुब्याच्या जागी डॉक्टरांनी धातूचा गोळा बसवून दिला. नाकाचं काम मात्र बाईंनी स्वतःकडे घेतलं.

वारज्यात 'धुमाळ मोटार ड्रायव्हिंग स्कूल' ही पाटी अकरा वर्षं होती. नवरा गेल्यावर दुर्गाबाई भाजीचा टेम्पो स्वतः चालवत मार्केट यार्डात जायच्या. पुढे शेतातून हायवे गेला, उरल्या तुकड्यावर बिल्डर आला, भाजीच संपली. मग त्यांनी टेम्पो विकून जुनी मारुती घेतली, तिला शिकवणीची जादा पेडलं बसवून घेतली आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी लोकांना गाडी शिकवायला सुरुवात केली. हसणारे हसले. पण तेवढ्यात हिंजवडीला कंपन्या आल्या, वारज्यात उंच उंच सोसायट्या झाल्या, आणि पगाराची पहिली स्लिप हातात पडताच गाडीचं कर्ज काढणारी पोरंपोरी बाईंच्या दारात उभी राहू लागली.

शिकवणीच्या गाडीत दोघांच्या पायाशी क्लच आणि ब्रेक असतो, शिकणाऱ्याच्याही आणि शिकवणाऱ्याच्याही. म्हणजे शिकवणाऱ्यानं मनात आणलं तर शिकणारा नुसतं स्टिअरिंग आणि ॲक्सिलरेटर सांभाळत बसेल आणि गाडी खडकवासल्यापर्यंत जाऊन परत येईल, त्याला पत्ताही लागायचा नाही. असं होऊ नये यावर बाईंचा फार कटाक्ष. शेवटच्या दिवशी त्या चपला काढायच्या आणि डाव्या सीटवर चक्क मांडी घालून बसायच्या. "माजे पाय वर हायेत. आता जी चालंल ती तुजी गाडी," म्हणायच्या. बाईंनी मांडी घातली की पोरगं तयार झालं, असं अख्ख्या वारज्यात मानलं जायचं. मांडी घालण्याआधी कोणी घाई केली तर बाई त्याला सरळ सांगायच्या, "घाई असंल तर रिक्षानं जा."

ऋषी हा त्यांच्या धाकट्या दिराचा मुलगा. दीर कधीच गेलेला. खालच्या मजल्यावर दुर्गाबाई आणि वरच्या मजल्यावर त्यांची धाकटी जाऊ गोदाबाई, तिच्यासोबत हा ऋषी. बारावीला दोनदा आपटल्यावर बाईंनीच त्याला हाताशी घेतलं, गाडी शिकवली, शिकवायला शिकवलं. पोरगा बोलायला गोड. इंग्रजी शब्द पेरून बोलायचा, त्यामुळे कंपनीतल्या पोरी खूश. बाई ऑपरेशनला गेल्या तेव्हा दवाखान्यात त्यानंच सोडलं, पाया पडला आणि म्हणाला, "काकू, टेन्शन नका घेऊ. बॅच मी सांभाळतो." बाईंनी शिकणाऱ्यांची वही त्याच्या हातात दिली.

खुब्याचा सांधा तीन वर्षं झिजत होता. क्लच दाबून दाबून झिजला असं बाई म्हणायच्या, डॉक्टर म्हणायचे तसं काही नसतं. ते काही असो, ऑपरेशन ठरवून झालं, तारीख घेऊन झालं. आणि नवव्या दिवशी व्यायाम करून घेणारी दवाखान्यातली मुलगी बाईंचा पाय हळूहळू उचलत म्हणाली, "आजी, तुमचा शिकवताना ॲक्सिडेंट झाला ना? पाय क्लचवरून घसरला आणि गाडी डिव्हायडरवर गेली म्हणे. आमच्या सोसायटीत सगळे बोलत होते. ऋषी सरांनी सांगितलं."

बाईंचा पाय हवेत तसाच राहिला.

"दुखलं का?" मुलीनं विचारलं.

"न्हाई," बाई म्हणाल्या. पण तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती पुढे चौदा आठवडे तिथेच राहिली.

त्या वॉकर घेऊन घरी आल्या तेव्हा समोरच्या इमारतीच्या गाळ्यावर नवी कोरी पाटी लागली होती. 'ऋषीज कार अकॅडमी. आयटी प्रोफेशनल्ससाठी खास.' खाली एक नवी लाल गाडी. बाईंची जुनी मारुती तेवढी त्यानं सोडली होती, तिच्या काचेवर धूळ बसली होती. वहीतलं एकही नाव बाईंकडे परत आलं नाही.

बाईंनी त्याला बोलावून घेतलं. तो आला, पायाशी स्टुलावर बसला आणि मोबाइलशी चाळा करत बोलला.

"काकू, लोक विचारतात, धुमाळ बंद का झालं. काहीतरी रीझन द्यावं लागतं ना."

"सांदा झिजला म्हनायचं मग. खरं हाय ते."

"ते स्लो वाटतं हो. ॲक्सिडेंट म्हटलं की लोक लगेच कन्व्हिन्स होतात. मार्केटिंग असतं ते." मग त्यानं आवाज मऊ केला. "आणि तुम्ही आता थोड्याच गाडीत बसणार आहात? मांडीसुद्धा घालायची नाही सांगितलंय तुम्हाला. आराम करा. खूप केलंत."

बाईंच्या हाताशी वॉकर होता, तो उचलून हाणावा असं फार वाटलं, पण वॉकर सोडला तर त्या उभ्या राहू शकत नव्हत्या. अकरा वर्षांत त्यांच्या हाताखालच्या एकाही गाडीला साधा ओरखडा आला नव्हता. त्याच नावावर या पोरानं अपघात चिकटवला. आणि आता घरोघर जाऊन एक्स-रे दाखवत फिरायचं का? त्या रात्री, दोन पायांमध्ये उशी घालून उताणं पडल्या पडल्या, बाईंनी ठरवलं की याला आपण सोडायचं नाही.

यात एक मोठीच अडचण होती, आणि तिचं नाव गोदाबाई. त्या तीन महिन्यांत दुर्गाबाईंचं सगळं गोदाबाईनं केलं. अंघोळ घातली, केस विंचरले, वाकायला बंदी म्हणून रोज पायात मोजे चढवले, उंच खुर्ची आणून दिली, दोन वेळचं जेवण खाली आणलं. मुलाबद्दल अवाक्षर काढलं नाही. दुर्गाबाई तिच्या हातची गरम भाकरी खायच्या आणि तिच्याच मुलाचं वाटोळं कसं करायचं याचा विचार करायच्या. लाज वाटायची, नाही असं नाही. पण भाकरी संपेपर्यंतच.

बारा आठवड्यांनी डॉक्टरांनी गाडीला परवानगी दिली. मांडी नाही, उकिडवं बसणं नाही, खाली वाकणं नाही, बाकी हरकत नाही. बाई त्याच दिवशी मारुतीजवळ गेल्या. दार पूर्ण उघडलं, सीटवर जाड उशी ठेवली, उशीवर प्लॅस्टिकची पिशवी. आधी पाठमोरं बसायचं, मग पिशवीवरून सरकत दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, असं त्या दवाखान्यातल्या मुलीनं शिकवलं होतं. बसल्या डाव्या बाजूला, शिकवणाऱ्याच्या जागी. तीच त्यांची जागा होती. आणि गाडी सुरूसुद्धा न करता डाव्या पायानं क्लच दाबायला लागल्या.

पहिल्या दिवशी वीस वेळा. घामानं लुगडं भिजलं. दुसऱ्या दिवशी तीस. प्रत्येक वेळी पाय खाली जाताना दात-ओठ खाऊन एकच शब्द तोंडून निघायचा, "ऋष्या." दाबलं की ऋष्या, सोडलं की श्वास, पुन्हा ऋष्या. आठवडाभरात दोनशे ऋष्या झाले. डॉक्टरांनी पाय बघून विचारलं, "ताकद कुठून आणलीत एवढी?" बाई म्हणाल्या, "घरच्यांचा आशीर्वाद."

पाय तयार झाला, पण त्या पायानं करायचं काय, ते सुचत नव्हतं. ते दसऱ्याच्या चौदा दिवस आधी एका मुलीनं आणून दिलं.

अक्षता तिचं नाव. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, वडील रिटायर्ड तलाठी, घराण्यात कोणी गाडी घेतलेली नाही, ही पहिली. मागच्या चौकातल्या मोठ्या सोसायटीत राहायची. दार वाजवून आत आली आणि उभ्या उभ्याच बोलायला लागली.

"मॅडम, मी ऋषी सरांकडे एकवीस दिवस पूर्ण केलेत. लायसन्सपण आलंय, टेस्ट सरांच्याच गाडीत दिली. पण काल कलीगची गाडी चालवायला बसले तर अकरा वेळा बंद पडली. अकरा! सरांबरोबर मी हायवेवर चालवलीय हो. दसऱ्याला माझी गाडी येतेय. मी घाबरलेय. कुणाला सांगायचीही लाज वाटते."

"ऋषीचे पाय कुटं असायचे?" बाईंनी विचारलं.

"पाय? मी समोर बघायचे. सर म्हणायचे, खाली बघायचं नाही."

दुर्गाबाई हसल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा, पोट धरून हसल्या. मग तिला बसवलं आणि समजावून सांगितलं, की एकवीस दिवस गाडी ऋषीच्या पायांनी चालवली, तू फक्त चाक फिरवलंस, फार तर ॲक्सिलरेटर दाबलास. शिकवायला वेळ लागतो, गचके खावे लागतात, गाडी बंद पडली की गिऱ्हाईक नाराज होतं. त्यापेक्षा आपणच क्लच सांभाळला की गाडी कशी लोण्यासारखी जाते, आणि पोरगी घरी जाऊन सांगते, सर किती छान शिकवतात.

"तुज्यासारखे अजून किती?"

"आमच्याच सोसायटीत सहा जण आहेत. सगळ्यांच्या गाड्या दसऱ्यालाच. सरांनी मोठा प्रोग्रॅम ठेवलाय. शोरूमचे ड्रायव्हर गाड्या खालच्या रोडपर्यंत आणून देणार, आणि आम्ही एकेक करून गेटमधून आत न्यायच्या. ढोल-ताशा, हार, बॅनर. एका कंपनीच्या ॲडमिन मॅडम येणार आहेत बघायला. त्या खूश झाल्या तर हिंजवडीत सरांची दुसरी ब्रांच. म्हणाले, शंभर फूट तर जायचंय, कुणालाही जमेल."

"तुमच्या गेटापाशी चढ हाय न्हाई का?"

"हो. रॅम्प आहे चांगला."

बाईंनी मनातल्या मनात तो चढ चढून बघितला. चढावर गाडी उचलायची म्हणजे हाफ क्लच. अर्धा क्लच सोडून गाडी तोलून धरायची, तो तोल पायाला कळावा लागतो, आणि क्लचला पाय तर बिचाऱ्यांनी कधी लावलेलेच नव्हते. नव्या गाड्यांना शिकवणीची जादा पेडलं नसणार. गेली नऊ वर्षं गाडीत बसून ऋषीला एवढं कळू नये! पण त्याला खरोखरच कळलं नव्हतं. स्वतःच्या पायांनी चढ चढून चढून, पोरांना चढ येतो अशी त्याची स्वतःचीच समजूत झाली होती.

"उद्या साडेसहाला ये," बाई म्हणाल्या. "तेरा दिवसांत तयार करते. एकच अट. सोसायटीत कुनालाबी बोलायचं न्हाई."

"पण बाकीचे सहा जण?"

"त्येंचा सर हाय की."

अक्षताला ते फारसं पटलं नाही, पण गाडी तिलाही हवी होती. ती गप्प बसली.

तेरा दिवस दोघी रोज सकाळी निघाल्या. पहिल्या दिवशी मारुती गल्लीतून मुख्य रस्त्याला लागली तेव्हा बाईंचे दोन्ही पाय पेडलांवर होते. समोरून कंपनीच्या बस सुटल्या होत्या, एकामागे एक. एका बसनं एकदम आत घातली, बाईंनी ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली. खुबा दुखला नाही. बाईंनी ते अक्षताला सांगितलं नाही, फक्त म्हणाल्या, "हं, चल." पण डोळे भरून आले होते.

चौथ्या दिवसापासून चढ. चांदणी चौकाच्या वाटेवरचा प्रत्येक चढ त्यांनी झिजवला. "आवाज ऐक. गाडी जरा दबली की समज, क्लच धरला. तितंच थांब. आता ब्रेक सोड." अक्षता रडली, चिडली, एकदा चावी काढून खाली उतरली. आठव्या दिवशी तिच्या पायाला तो तोल सापडला, आणि ती चढाच्या मध्यावर गाडी थांबवून वीतभरही मागे न जाता पुन्हा उचलू लागली.

शेवटच्या दिवशी बाईंनी सवयीनं चपला काढल्या. मग आठवलं, मांडी आता जन्मात घालायची नाही. क्षणभर फार वाईट वाटलं. त्यांनी चपला पुन्हा घातल्या, दार उघडलं, दोन्ही पाय एकदम बाहेर काढले आणि काठी टेकत फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या.

"आता एकटी जाऊन ये," त्या म्हणाल्या.

अक्षता गेली आणि वीस मिनिटांनी आली. बाई उन्हात उभ्याच होत्या.

दसऱ्याच्या सकाळी अक्षतानं शोरूमच्या ड्रायव्हरला हात लावू दिला नाही. आपली निळी गाडी स्वतः चालवत आणली, शेजारी दुर्गाबाई. सोसायटीच्या खाली रस्ता फुललेला होता. सहा नव्या गाड्या चढाच्या पायथ्याशी ओळीनं उभ्या, झेंडूच्या माळा घातलेल्या. ढोल-ताशा कडाडत होता. वर गेटावर भला मोठा बॅनर, त्यावर हात जोडलेला ऋषी. खाली खराखुरा ऋषी, झब्बा घालून, त्या कंपनीच्या मॅडमना काहीतरी समजावत होता. आणि गाड्यांना ओवाळायला त्यानं आपल्या आईला आणलं होतं. गोदाबाई जरीचं लुगडं नेसून, ताट घेऊन उभी होती.

बाईंनी अक्षताला रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायला सांगितली. "जा, हार घेऊन ये. आपन शेवटी जाऊ." त्यांना आधी बाकीची मजा बघायची होती, डोळे भरून बघायची होती.

अक्षता गेली आणि वॉचमन शिट्टी फुंकत आला. गाडी टँकरच्या वाटेत होती, थोडी पुढे घ्या म्हणाला. बाई उतरल्या, काठी टेकत गाडीला वळसा घालून उजव्या दारापाशी आल्या. आपली पिशवी पसरली, बसल्या, पाय आत घेतले. चालवणाऱ्याच्या जागेवर ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदाच बसत होत्या. गाडी सुरू केली, चार हात पुढे घेतली.

तेवढ्यात पहिली गाडी चढावर निघाली. पांढरी होती, आत प्रज्ञेश नावाचा मुलगा, हसरा, गळ्यात हार. ढोलवाल्यांनी जोर केला. गाडी गचका खाऊन निघाली, पंचवीस-तीस फूट वर गेली आणि बंद पडली.

"आली का मजा," बाई स्वतःशीच म्हणाल्या. असा गोड क्षण त्यांच्या वाट्याला पुष्कळ वर्षांत आला नव्हता.

प्रज्ञेशनं पुन्हा चावी फिरवली. पुन्हा गचका, पुन्हा बंद. आता त्यानं घाबरून पाय कुठे ठेवला देव जाणे, कारण गाडी मागे यायला लागली. आणि बाईंची नजर खाली गेली. गोदाबाई दुसऱ्या गाडीच्या बॉनेटवर वाकून कुंकवाचं स्वस्तिक काढत होती. चढाकडे तिची पाठ होती.

बाईंनी हॉर्न दाबला. ढोलापुढे त्याचा आवाज कुठे लागायचा. ओरडल्या, तेही वाया. उतरून धावायचं तर नव्या खुब्यानं सहा महिने धावायचं नव्हतं. त्या मोजून विचार करत बसल्या नाहीत. डावा पाय क्लचवर गेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये पडली, आणि निळी गाडी सर्रकन आडवी जाऊन पांढऱ्या गाडीच्या आणि गोदाबाईच्या मध्ये उभी राहिली. त्याच क्षणी गोदाबाईनं मागे वळून बघितलं. काचेतून दोघींची नजरानजर झाली. मग धाडकन आवाज झाला आणि निळ्या गाडीची डावीकडची दोन्ही दारं आत गेली.

ढोल थांबला.

माणसं धावली. बाईंना काही झालं नव्हतं, डावी बाजू रिकामी होती. पण बघणाऱ्यांना काय दिसलं? एक म्हातारी बाई, शेजारी काठी, कोऱ्या गाडीत चालवायला बसलेली, आणि गाडी रस्त्यात आडवी होऊन चेपलेली. ऋषीला एवढं पुरे होतं.

"बघितलंत?" तो त्या कंपनीच्या मॅडमकडे वळून मोठ्यानं म्हणाला. "हेच सांगत होतो मी. काकूंचा पाय राहत नाही क्लचवर. फॅमिली आहे, म्हणून बोलत नव्हतो. प्रज्ञेशची गाडी बरोबर चालली होती, यांनी मध्येच घातली."

बाई काचेतून ऐकत होत्या. तीन महिने खोटा असलेला अपघात या पोरानं त्यांच्याच हातून खरा करून घेतला होता. कोणीतरी गोदाबाईला विचारलं, "तुम्ही इथेच होतात ना? काय झालं नेमकं?"

गोदाबाईच्या हातातलं ताट कलंडलं होतं, लुगड्यावर कुंकू सांडलं होतं. तिनं ऋषीकडे बघितलं. ऋषी तिच्याकडे बघत होता.

"माजी पाठ व्हती," ती म्हणाली. "म्या न्हाई बघितलं."

ऋषीची चहाडी बाईंनी सोसली होती. हे मात्र त्यांच्या काळजात गेलं. त्यांना वाटलं, आपण उगीच क्लच दाबला.

हार घेऊन अक्षता पळत आली. दारांकडे बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. बाई उतरल्या. "दारं मी करून देते," म्हणाल्या. "पर आत्ता बस. चढव."

"मॅडम, आत्ता? हात बघा माझे, कापतायत."

"हात कापूदेत. पाय कापतात का?"

अक्षतानं क्षणभर विचार केला. "नाही," ती म्हणाली.

बाई मागच्या उजव्या दारानं आत बसल्या, सगळ्यांना दिसेल अशा. निळी गाडी, एका अंगानं चेपलेली, पांढऱ्या गाडीला वळसा घालून चढाला लागली. मध्यावर आल्यावर बाई म्हणाल्या, "थांब." गाडी थांबली. खाली उभे असलेले लोक घाईनं बाजूला झाले, आता हीही मागे येणार म्हणून. "उचल." इंजिनाचा आवाज दबला, गाडी जागेवर तोलली आणि शांतपणे, एक बोट मागे न येता, वर निघून गेटातून आत गेली.

कोणीतरी टाळी वाजवली. बाई वर उतरल्या, गेटापाशी काठी टेकून उभ्या राहिल्या आणि खाली ओरडल्या, "ऋषी, येऊ दे की आता बाकीच्या! शंभर फूट तर हाय!"

एकही गाडी हलली नाही. सहाही जण आपापल्या गाडीपासून दूर सरकले होते. प्रज्ञेश हार काढून हातात धरून उभा होता. तो हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सर, एकवीस दिवस क्लच तुम्ही दाबत होतात का?"

ऋषीनं तोंड उघडलं, पण एकही इंग्रजी शब्द आला नाही. कंपनीच्या मॅडमनी घड्याळ बघितलं, ड्रायव्हरला फोन लावला आणि निघून गेल्या. वाट अडली होती, मागे हॉर्न वाजत होते. शेवटी ऋषीलाच एकेक गाडी वर न्यावी लागली. सहा वेळा तो चढ चढला आणि सहा वेळा, स्वतःच्या बॅनरखालून, सगळ्यांच्या देखत पायी खाली आला. बाईंनी एकही फेरी चुकवली नाही. त्यांना आनंद झाला. चोरून नाही, उघड झाला.

संध्याकाळी गोदाबाई आपट्याची पानं घेऊन खाली आली. सोनं द्यायला. दारातच उभी राहिली.

"आक्का, सोनं घ्या."

दुर्गाबाईंनी हात पुढे केला नाही. "बघितलं व्हतंस तू."

"बघितलं," गोदाबाई म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "पोटचा हाय वो. तीन महिने त्येनं तुमच्या नावाला काळं फासलं, म्या ऐकत व्हते. म्हनून तर मोजे घालत व्हते रोज. बोलायला जीभ न्हाई उचलली. आजबी न्हाई उचलली."

दुर्गाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. रागच होता, पण आता दुसरंही काही आठवत होतं, आणि ते बोलल्याशिवाय त्यांना राहवेना. "माजं बी ऐक. चढ मला ठाऊक व्हता. गाडी मागं येनार, हे बी ठाऊक व्हतं. त्या सहा पोरांना म्या सांगितलं न्हाई. मला ऋष्याची फजिती बघायची व्हती. तू मदी येशील एवढंच ठाऊक न्हवतं."

बाहेर पोरं एकमेकांना पानं वाटत ओरडत होती.

"मंग आता?" गोदाबाईनं विचारलं.

"आता उद्यापास्नं सकाळी साडेसहाला खाली यायचं," दुर्गाबाई म्हणाल्या. "गाडी शिकवते तुला."

"मला? आवं, पंचावन्न वर्सं झाली मला! आनि ऋषीचं काय? त्येची आई तुमच्या गाडीत दिसली तर पोराला तोंड दाखवायला जागा राहील का?"

"न्हाई राहनार," दुर्गाबाई म्हणाल्या. "म्हनूनच."

गोदाबाईनं डोळे पुसले. विचार केला. मग पानं दुर्गाबाईंच्या हातावर ठेवली आणि वर जाऊन ती जन्मतारखेचा दाखला शोधू लागली, कारण शिकाऊ लायसन्सला तो लागतो.

शिकाऊ लायसन्स हातात आल्यावर, दिवाळीनंतरच्या सोमवारी, जुनी मारुती धुवून पुसून गल्लीतून बाहेर निघाली. पुढे-मागे लाल रंगात मोठा एल, छतावर 'धुमाळ मोटार ड्रायव्हिंग स्कूल'ची फळी. स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून गोदाबाई, शेजारी उशीवर दुर्गाबाई. गाडीनं दहा पावलांत तीनदा गचके खाल्ले आणि दोनदा बंद पडली. दुर्गाबाईंनी पेडलाला पाय लावला नाही.

अकॅडमीपाशी ऋषी शटर वर करत होता. आत शिकायला आलेलं कोणी नव्हतं. आवाज ऐकून तो वळला, आणि आईला चालवणाऱ्याच्या जागी बघून त्याचा हात शटरलाच राहिला.

"आक्का, त्यो बघतोय," गोदाबाई पुटपुटली. "पुढं घिऊ?"

"अजाबात न्हाई. हितंच थांबव," दुर्गाबाई म्हणाल्या. "आता हॉर्न वाजव. मोट्यानं."